मत सगळ्यांना एकच, मग अमेरिकेत श्रीमंतांवरचा कर वाढत का नाही?

नाशिकच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत वरच्या एक टक्का घरांकडे देशातली जवळपास ३० टक्के संपत्ती आहे आणि खालच्या निम्म्या घरांकडे मिळून अडीच टक्क्यांच्या आसपास. पण मत तर प्रत्येकाला एकच. मग उरलेले नव्याण्णव टक्के मतपेटीतून श्रीमंतांवर कर का बसवत नाहीत? आणि ‘अमेरिकेची लोकशाही डळमळतेय’ ही ओरड सतत ऐकू येते, तिचा याच्याशी काही संबंध आहे का?

मी राज्यशास्त्र शिकलेलो नाही. न्यू जर्सीत चोवीस वर्षं लोकांचे टॅक्स रिटर्न भरतोय. जानेवारी ते एप्रिल माझ्यासमोरची खुर्ची रिकामी नसते. सकाळी नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्या माणसांची अंथरुणं बदलणारी बाई येते, दुपारी आपल्याकडचा आयटीवाला आणि संध्याकाळी एखाद्या गुंतवणूक फंडातला भागीदार. तिघांची कागदपत्रं एकाच टेबलावर पसरली की काही गोष्टी आपोआप दिसतात, त्यांच्या आधारानेच लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण तो इथल्या डाव्या मित्रांनाही असतो. ‘श्रीमंत लोक कर भरतच नाहीत’ हे खरं नाही. केंद्राच्या प्राप्तिकरातला सुमारे ४० टक्के वाटा वरचे एक टक्का करदाते भरतात. मोठ्या हॉस्पिटलातला सर्जन, बड्या कंपनीतला वरिष्ठ वकील यांचा पगार डब्ल्यू-टू फॉर्मवर, म्हणजे आपल्याकडच्या फॉर्म सोळासारख्या कागदावर, छापून येतो आणि वरच्या पायरीवर ३७ टक्के कर कापला जातो. त्यांना पळायला जागा नाही. कर चुकतो तो पगाराच्या श्रीमंतीवरचा नव्हे, मालकीच्या श्रीमंतीवरचा. हा फरक लक्षात आला की निम्मा प्रश्न सुटतो.

आता तीन खुर्च्यांचा हिशेब बघा. नर्सिंग होमवाली बाई ताशी १९ डॉलर कमावते. तिच्या पहिल्या डॉलरपासून वर्षाच्या शेवटच्या डॉलरपर्यंत ७.६५ टक्के सोशल सिक्युरिटी (म्हातारपणीचं पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा आरोग्यविमा) यांपोटी कापले जातात. यात सोशल सिक्युरिटीचा भाग ६.२ टक्के. पण त्याला कमाल मर्यादा आहे, २०२५ साली ती १,७६,१०० डॉलर होती. म्हणजे वर्षाला १० लाख डॉलर पगार घेणाऱ्याची ही कपात मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपते. बाईची नाताळापर्यंत चालते. आणि फंडातल्या भागीदाराच्या नफ्याच्या वाट्यावर ती लागतच नाही, कारण कायद्याच्या नजरेत तो पगार नाही, भांडवली नफा आहे.

याच्याही वर जे बसलेत ते माझ्याकडे येत नाहीत. त्यांची स्वतःची कचेरी असते. पण त्यांची पद्धत धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. शेअर विकायचे नाहीत. विकले नाहीत तर नफा ‘झालाच नाही’, म्हणून कर नाही. खर्चाला पैसे हवेत तर ते शेअर तारण ठेवून बँकेकडून कर्ज घ्यायचं. कर्ज हे उत्पन्न नव्हे, त्यावरही कर नाही. आणि माणूस गेला की वारसांच्या हातात शेअर येताना त्यांची खरेदी किंमत मृत्यूच्या दिवशीच्या भावाला आणून ठेवली जाते. एक डॉलरला घेतलेला शेअर शंभराचा झाला, तर मधल्या नव्याण्णव डॉलरवरचा भांडवली नफ्याचा कर कायमचा पुसला गेला. हा नियम १९२१ पासून आहे.

भारतातल्या वाचकाला यातली गंमत पटकन कळेल. वडिलांनी घेतलेला फ्लॅट तुम्ही विकलात तर तुमचा सीए वडिलांची खरेदी किंमत धरून नफा काढतो (फार जुना असेल तर २००१ चा भाव धरायची सोय आहे). मरण आलं म्हणून मधला नफा माफ होत नाही. या एका बाबतीत भारताचा कायदा अमेरिकेपेक्षा कडक आहे. उलट वारसा कर भारताने १९८५ साली काढून टाकला, अमेरिकेत तो अजून कागदावर आहे. कागदावर म्हणतो, कारण २००१ साली ६ लाख ७५ हजार डॉलरच्या वरच्या मालमत्तेला तो लागू होता. २०२६ पासून ही सूट माणशी दीड कोटी डॉलर झाली. नवराबायको मिळून तीन कोटी.

जाता जाता, पुण्या-नाशकात बसून मोबाईल ॲपवरून अमेरिकन कंपन्यांचे शेअर घेणाऱ्यांनी एक आकडा लिहून ठेवावा. अमेरिकेबाहेर राहणाऱ्या परक्या नागरिकाला याच वारसा करात सूट आहे फक्त ६० हजार डॉलरची, आणि भारताशी या कराबाबत करार नाही. ॲपच्या जाहिरातीत हे कुणी सांगत नाही.

२०२१ च्या जूनमध्ये प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या हाती कर खात्याची गोपनीय कागदपत्रं लागली. २०१४ ते २०१८ या काळात देशातल्या २५ सर्वात श्रीमंतांची संपत्ती ४०१ अब्ज डॉलरने वाढली आणि त्यांनी केंद्राला प्राप्तिकर भरला १३.६ अब्ज, म्हणजे वाढीच्या ३.४ टक्के. बहुतेक लोकांना त्यात बेकायदेशीर काहीतरी सापडेल अशी अपेक्षा होती. पण खरी बातमी हीच की हे सगळं कायद्यात बसत होतं.

तर मग लोकांना हे बदलायला नको आहे का? इथे तुमच्या प्रश्नातलं गृहीतक मला मान्य नाही. लोक मागतात. जिथे थेट विचारलं जातं तिथे तर नक्कीच मागतात. २०२० च्या नोव्हेंबरात फ्लोरिडाने अध्यक्षपदासाठी ट्रम्प यांना कौल दिला, आणि त्याच मतपत्रिकेवर किमान वेतन टप्प्याटप्प्याने ताशी १५ डॉलर करण्याचा प्रस्ताव जवळपास ६१ टक्क्यांनी मंजूर केला. २०२२ साली नेब्रास्काने हेच केलं, तेही रिपब्लिकनांचं राज्य. आणि केंद्राचं किमान वेतन? ते जुलै २००९ पासून ७.२५ डॉलरवर थांबलंय. तेव्हा पहिलीत बसलेलं पोर आता नोकरीला लागलं.

मग घोडं अडतं कुठे? पहिलं ठाणं सिनेट, संसदेचं वरचं सभागृह. २०२० च्या जनगणनेत वायोमिंगची लोकसंख्या होती ५ लाख ७७ हजार, कॅलिफोर्नियाची ३ कोटी ९५ लाख. सिनेटर दोघांचेही दोन-दोन. हे सगळ्यांना माहीत असतं. कमी लोकांना माहीत असतं ते पुढचं. सिनेटमध्ये साधा कायदा करायचा तर चर्चा थांबवायलाच १०० पैकी ६० मतं लागतात, याला फिलिबस्टर म्हणतात. ही अट राज्यघटनेत नाही, सिनेटने स्वतःच्या नियमांत ठेवलेली आहे. पण अर्थसंकल्पाशी निगडित विधेयकांसाठी एक वेगळी खिडकी आहे, रिकन्सिलिएशन नावाची. तिथे साधं बहुमत पुरतं. म्हणजे ५१, किंवा ५० अधिक उपाध्यक्षांचं एक. आता या खिडकीतून काय सहज जातं? कर कमी-जास्त करणं. आणि काय अडतं? किमान वेतन, कामगार संघटनांचे हक्क, निवडणुकीच्या पैशाचे नियम, मतदानाचे हक्क.

२०२१ च्या फेब्रुवारीत हे उघड दिसलं. डेमोक्रॅटांनी १५ डॉलरचं किमान वेतन या खिडकीतून न्यायचा प्रयत्न केला. सिनेटच्या नियमतज्ज्ञ अधिकारी, ज्यांना पार्लमेंटेरियन म्हणतात, त्यांनी ते अर्थसंकल्पी नियमांत बसत नाही असा निर्णय दिला. डाव्या विचारांचे सिनेटर बर्नी सँडर्स यांनी तरीही मतदान घ्यायला लावलं. ४२ विरुद्ध ५८ ने पडलं. विरोधातल्या ५८ मध्ये डेमोक्रॅट गटातलेच आठ जण होते. त्यामुळे सगळा दोष नियमांवर ढकलता येत नाही. पण हेही बघा: २०१७ साली कंपन्यांवरचा कर ३५ वरून २१ टक्के झाला तो याच खिडकीतून. २०२५ च्या जुलैत ट्रम्प यांचं मोठं कर विधेयक सिनेटमध्ये ५०-५० झालं, उपाध्यक्ष व्हॅन्स यांच्या मताने तरलं, आणि हाउसमध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, २१८ विरुद्ध २१४ ने मंजूर झालं. संसदेच्याच अर्थसंकल्प कार्यालयाच्या हिशेबाप्रमाणे त्या कायद्यातून तळच्या दहा टक्के घरांचं वर्षाला सरासरी १,२०० डॉलरचं नुकसान होणार आहे, ते मुख्यतः गरिबांच्या आरोग्यविम्याला आणि अन्नसाहाय्याला कात्री लागल्यामुळे. आणि वरच्या दहा टक्क्यांना १३,६०० डॉलरचा लाभ.

वरच्यांचा फायदा ५१ मतांत आणि खालच्यांचा बहुतेक ६० मतांत. असं कुणी कट करून ठरवलं असं मी म्हणत नाही, नियम वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या कारणांनी आले. पण तराजू कुठे झुकतो ते तराजू बनवणाऱ्याच्या हेतूवर थोडंच अवलंबून असतं?

दुसरं ठाणं पैसा. इथे मात्र लोक घाईने चुकीच्या जागी बोट ठेवतात. जानेवारी २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यात ५ विरुद्ध ४ ने निकाल दिला, कंपन्या आणि संघटनांच्या स्वतंत्र निवडणूक खर्चावरची बंदी उठवली, त्याच वर्षी सुपर पॅक नावाची अमर्याद देणग्यांची भांडी तयार झाली. २०२४ साली एकट्या इलॉन मस्क यांनी ट्रम्प आणि रिपब्लिकनांसाठी २५ कोटी डॉलरहून जास्त ओतले. यावरून लोक म्हणतात की निवडणुका विकत घेता येतात. तसं असतं तर अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग अध्यक्ष झाले असते. २०२० साली त्यांनी स्वतःचे शंभर कोटी डॉलर उडवले आणि पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत जिंकलं काय, तर अमेरिकन समोआ हे एवढंसं बेट. आपल्या बेळगावकडचे श्री ठाणेदार यांचं घ्या. २०१८ साली मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्राथमिक निवडणुकीत त्यांनी स्वतःच्या खिशातले सुमारे एक कोटी डॉलर घातले आणि तिसरे आले. पुढे डेट्रॉईटमधून काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, गेले, तेव्हाही स्वतःचा पैसा घातलाच. पण पैसा आणि विजय यांचं नातं बटण दाबलं आणि दिवा लागला असं नाही.

पैशाचं खरं काम निवडणुकीनंतर सुरू होतं, जेव्हा लोक घरी गेलेले असतात. याचं माझ्या धंद्यातलं उदाहरण म्हणजे ‘कॅरीड इंटरेस्ट’. नाव रूक्ष आहे, ते तसं असण्यातच त्याचं संरक्षण आहे.

प्रायव्हेट इक्विटी (कंपन्या विकत घेऊन पुढे विकणारा फंड) किंवा हेज फंड चालवणारा माणूस दुसऱ्यांचे पैसे गुंतवतो. त्याबद्दल साधारणपणे दरवर्षी दोन टक्के फी आणि नफ्यातला वीस टक्के वाटा घेतो. हा वाटा, म्हणजेच कॅरीड इंटरेस्ट, हा त्याच्या कामाचा मोबदला. दुसऱ्याचं शेत अर्धलीने करणाऱ्याचा घाम जसा मोबदला, तसाच. पण त्याला कर लागतो भांडवली नफ्याचा: २० टक्के अधिक ३.८, म्हणजे २३.८. पगार असता तर ३७. बाकीचे कर बाजूला ठेवले तरी वरच्या पायरीवरच्या प्रत्येक १० लाख डॉलरमागे १ लाख ३२ हजार वाचतात. आमच्या त्या संध्याकाळच्या खुर्चीतल्या माणसालाही हे थोडं लाजिरवाणं वाटतं, त्याने मला एकदा बोलून दाखवलंय. रिटर्नवर सही मात्र करतो. मीही करतो.

हा नियम बदलावा असं म्हणणारे सगळे आहेत. २००७ पासून हाउसमध्ये विधेयकं आली, मंजूरही झाली, सिनेटमध्ये विरली. ओबामा यांनी वर्षानुवर्षं अर्थसंकल्पात हा बदल मांडला. २०१५-१६ च्या प्रचारात ट्रम्प यांनी हेज फंडवाल्यांवर तोंडसुख घेतलं आणि ही पळवाट बंद करू म्हणाले. मग २०१७ चा कर कायदा आला. त्यात पळवाट बंद झाली नाही. नफा लांब मुदतीचा धरायला एक वर्षाऐवजी तीन वर्षं थांबायची अट आली. प्रायव्हेट इक्विटीवाले कंपन्या बहुधा तीन वर्षांहून जास्तच धरून ठेवतात, म्हणजे चावा लागला तोही दात नसलेल्याचा.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा संधी आली. सिनेट ५०-५०, डेमोक्रॅटांच्या हवामान आणि औषधांच्या किमतींच्या विधेयकात ही मुदत पाच वर्षं करायचं कलम होतं. ॲरिझोनाच्या सिनेटर कर्स्टन सिनेमा यांचं मत शेवटचं राहिलं होतं. ते कलम निघालं आणि त्यांचं मत मिळालं. वॉल स्ट्रीटच्या देणग्यांबद्दल तेव्हा भरपूर छापून आलं. कुणाच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही आणि त्याची गरजही नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत ट्रम्प पुन्हा म्हणाले की ही पळवाट बंद करायची. जुलैत त्यांच्याच सहीने निघालेल्या कायद्यात तिला कुणी हात लावलेला नव्हता.

आता यात मतदार कुठे आहे ते पाहू. २०२२ च्या त्या कलमातून दहा वर्षांत साधारण १४ अब्ज डॉलर मिळाले असते. माणशी वर्षाला चार डॉलर. एका कॉफीसाठी कोण मोर्चा काढेल? पण ज्यांचे लाखो डॉलर पणाला लागलेत ते मोजके लोक वर्षाचे बारा महिने वॉशिंग्टनमध्ये माणसं ठेवतात, जी सिनेटरच्या मदतनिसाला ओळखतात, त्याला मसुदा लिहून देतात, कोणता शब्द कुठे बदलला की काय होईल हे समजावतात. तो मदतनीस विशीतला, दिवसाला पन्नास विषय हाताळणारा. त्यात लाच नसते, असते ती सोबत. नर्सिंग होममधल्या बाईची सोबत त्याला कधी होत नाही.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, म्हणून माझ्या धंद्याचंही सांगतो. साध्या पगारदाराचा रिटर्न भरायला खरं तर माझी गरज नसावी. सरकारकडे त्याचा डब्ल्यू-टू आधीच असतो, बँकेचं व्याज माहीत असतं. पण २००२ साली कर खात्याने रिटर्न भरण्याच्या सॉफ्टवेअरवाल्या कंपन्यांशी करार केला: गरीब करदात्यांना तुम्ही फुकट सेवा द्या, आम्ही आमची स्वतःची व्यवस्था उभारणार नाही. ती अट निघायला २०१९ उजाडलं. सरकारची ‘डायरेक्ट फाइल’ सेवा २०२४ साली १२ राज्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी २५ राज्यांत गेली, आणि २०२६ च्या हंगामाआधी बंदही झाली. माझी दोन-तीनशे गिऱ्हाइकं त्यामुळे शाबूत राहिली. गुंतागुंत हेच ज्यांचं उत्पन्न आहे अशांत मीही आहे, फक्त फार खालच्या पायरीवर.

हे असंच चालत आलंय, असंच चालणार, असं मात्र नाही. १८९५ साली सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने प्राप्तिकर घटनाबाह्य ठरवला होता. तेव्हाही रेल्वे आणि पोलादाच्या सम्राटांचा काळ होता, सिनेटर तर राज्यांच्या विधानसभा निवडून देत. लोकांनी १८ वर्षं धीर धरून राज्यघटनाच बदलली. फेब्रुवारी १९१३ मध्ये सोळावी दुरुस्ती झाली, ऑक्टोबरात कायदा आला, वरचा दर सात टक्के. पाच वर्षांत महायुद्धामुळे तो ७७ वर गेला. १९५० च्या दशकात ९१ होता, अर्थात प्रत्यक्षात तो भरणारे फार थोडे. योगायोग असा की १९१३ च्या त्याच उन्हाळ्यात भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, आणि ज्यांच्या हाताखाली ते सार्वजनिक अर्थशास्त्र शिकले ते प्राध्यापक सेलिग्मन हे चढत्या दराच्या प्राप्तिकराचे अमेरिकेतले खंदे पुरस्कर्ते. वर्गाबाहेर हा वाद ताजा असताना ते तो विषय शिकत होते.

त्या काळात आणि आजमध्ये एक मोठा फरक आहे. तेव्हा आणि पुढे १९३० च्या दशकात, रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ सुधारणांच्या काळात, खालच्या लोकांचीही वॉशिंग्टनमध्ये सोबत होती: कामगार संघटना. १९५० च्या दशकात सुमारे एक तृतीयांश कामगार संघटनेत होते. २०२४ साली ९.९ टक्के. संघटना फक्त पगार वाढवून देत नव्हती. कोणत्या सिनेटरने कुठल्या कलमावर काय केलं हे ती कारखान्याच्या दारात येऊन सांगत होती. आज ते काम फोनवरचे व्हिडिओ करतात. कसं करतात ते आपण पाहतोच.

लोक आपल्या खिशाकडे बघूनच मत देतात असंही नाही, हे कबूल करायला हवं. सीमेवरची घुसखोरी, गर्भपात, बंदूक, वंश, धर्म, आपला गाव बदलतोय ही भीती, यांवर माणसं मनापासून मत देतात आणि तो त्यांचा हक्क आहे. ६ जानेवारी २०२१ ला कॅपिटलवर, म्हणजे संसदेच्या इमारतीवर, चाल करून गेलेल्यांत दुकानांचे मालक होते, व्यावसायिक होते. विषमतेने सगळं उलगडतं असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण विषमतेमुळे एक गोष्ट नक्की होते: मत दिल्यावर काही घडत नाही हा अनुभव खालच्या माणसाच्या वाट्याला जास्त येतो.

मिसुरीचंच बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या सुमारे ५८ टक्के मतदारांनी १५ डॉलरचं किमान वेतन आणि आजारपणाची भरपगारी रजा मंजूर केली. त्याच दिवशी ट्रम्प यांनाही तिथे जवळपास तेवढीच मतं पडली, म्हणजे दोन्हींना होकार देणारे असंख्य होते. रजा १ मे २०२५ पासून सुरू झाली. जुलैत विधिमंडळाने केलेल्या कायद्यावर गव्हर्नरची सही झाली आणि ऑगस्टअखेर रजा रद्द. किमान वेतन महागाईप्रमाणे वाढत जाण्याची तरतूदही गेली. हे करणारे आमदार पुन्हा निवडून येतील का? बहुतेक येतील, कारण बरेचसे मतदारसंघ आधीच एका पक्षाच्या खिशात असतात आणि खरी लढत पक्षाच्या प्राथमिक फेरीत होते, जिथे मोजके कडवे मतदार येतात.

अशा अनुभवानंतर माणूस दोनपैकी एक करतो. एकतर मतदानाला जात नाही. कमी उत्पन्नाच्या घरांत मतदानाचं प्रमाण वरच्यांपेक्षा बरंच कमी आहे. नाहीतर ‘मी हे सगळं मोडून काढतो’ म्हणणाऱ्याला मत देतो. मोडणाऱ्याने कोर्टाचे आदेश धुडकावले, निवडणुकीचा निकाल नाकारला, तरी त्याला फारसं वाटत नाही, कारण ज्या घरातून त्याला काही मिळालं नाही त्या घराच्या भिंतींची काळजी तो का करेल? तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे.

आमच्या मराठी मंडळींचं तर त्याहून निराळं. ग्रीन कार्डाच्या रांगेत पंधरा-पंधरा वर्षं उभे असलेले कितीतरी जण माझी गिऱ्हाइकं आहेत. सगळे कर भरतात, मत एकही नाही, आणि गणेशोत्सवाच्या मंडपात राजकारणावर सर्वात जोरात तेच भांडतात.

परत त्या नर्सिंग होममधल्या बाईकडे येतो. नवरा नाही, दोन मुलं, २०२१ साली धाकटा चार वर्षांचा आणि मोठी नऊ. त्या वर्षीच्या कोविड साहाय्य कायद्याने मुलांमागची करसवलत वाढवली आणि तिचा निम्मा भाग जुलै ते डिसेंबर दर महिन्याला थेट खात्यात जमा केला. तिला महिन्याला ५५० डॉलर यायचे. ती गाडीचे हप्ते वेळेवर भरायला लागली. देशभरात मुलांमधली दारिद्र्याची टक्केवारी, सरकारी साहाय्य धरून मोजली तर, त्या वर्षी ५.२ वर आली, इतिहासातली सर्वात कमी. तरतूद एकाच वर्षाची होती. पुढे चालू ठेवायला सिनेटमध्ये पुन्हा पन्नासच्या पन्नास डेमोक्रॅट हवे होते, आणि डिसेंबरात वेस्ट व्हर्जिनियाच्या जो मँचिन यांनी नाही म्हटलं. पुढच्या वर्षी ती टक्केवारी १२.४ झाली.

२०२२ च्या मार्चमध्ये रिटर्न भरायला आली तेव्हा तिने विचारलं, महिन्याचे पैसे थांबले ते माझ्याकडून काही कागद द्यायचा राहिला म्हणून का? मी म्हटलं, नाही, वॉशिंग्टनमध्ये एक मत कमी पडलं. कोणाचं, ती म्हणाली. मी सांगितलं. ते कुठलं राज्य, किती लांब, असं तिने विचारलं. मग म्हणाली, पण मी तर तिथे राहत नाही.

२०२४ च्या निवडणुकीनंतरच्या हंगामात ती पुन्हा आली तेव्हा मी सहज विचारलं, मतदान केलंस का. मंगळवार होता, म्हणाली, दोन माणसं आली नव्हती म्हणून डबल शिफ्ट लागली. दीडपट दराने ओव्हरटाइम मिळाला होता, तो डब्ल्यू-टूमध्ये बरोबर धरलाय ना, ते तेवढं बघ.